चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे

माळव्यातील मराठी माणसांच्या कर्तृत्वाचा विषय निघाला की संगीत आणि साहित्य यांची आठवण चटकन होते. चित्रकलेची तेवढी होत नाही. वास्तविक विसाव्या शतकातील भारतीय चित्रकलेचा इतिहास लिहू जाणाऱ्यास इंदूरचे नाव वगळून पुढे जाताच येणार नाही. या शहरातील एका लहानशा चित्रशाळेतून जे चित्रकार बाहेर पडले त्यांत नारायण श्रीधर बेंद्रे यांचे स्थान अग्रभागी आहे. चित्रकार म्हणून ते मोठे होते आणि शिक्षक म्हणून, अनेकांच्या मते, त्याहूनही मोठे होते. हे दोन्ही मोठेपण एकाच माणसात सुखाने नांदले काय, एकाने दुसऱ्याकडून काय घेतले आणि त्याला काय दिले, हा प्रश्न त्यांच्या चरित्राचा विचार करताना वारंवार पुढे येतो.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात झाला. होळकरांचे इंदूर त्या काळी संस्थानी वैभवाचे आणि व्यापाराचे शहर होते. दरबार, गिरण्या, महाविद्यालय, मराठी वस्ती, तिच्यातील गणेशोत्सव आणि वाचनालये अशा वातावरणात त्यांचे बालपण गेले. पुढे १९३० नंतर याच शहरात यशवंतराव होळकरांचा माणिकबाग राजवाडा उभा राहिला. त्याची रचना एका जर्मन वास्तुशिल्पज्ञाने केली होती आणि ब्रांकुशीसारख्या पॅरिसमधील आधुनिक शिल्पकाराच्या कृती महाराजांनी स्वत:साठी विकत घेतल्या होत्या. परंतु राजवाड्यातील ही आधुनिकता सामान्य विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडणारी नव्हती. बेंद्रे आणि त्यांचे सोबती ज्या आधुनिकतेपर्यंत पोहोचले, ती त्यांनी उघड्या माळावर, झाडाखाली बसून, स्वत:च्या डोळ्यांनी मिळविली.

त्यांना हा मार्ग दाखविला तो दत्तात्रय दामोदर देवळालीकर या गुरूने. देवळालीकरांनी १९२७ च्या सुमारास इंदूरच्या संस्थानी चित्रकला विद्यालयाची घडी बसविली. बेंद्रे १९२९ मध्ये तेथे दाखल झाले. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात त्या वेळी कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांचा अंमल होता. मानवी देहाचा काटेकोर अभ्यास आणि भारतीय शैलीतील भित्तिचित्रे यांवर तेथे भर असे. इंदूरची शिस्त निराळी होती. देवळालीकर विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढीत. घाट, बाजार, नदीकाठ, संध्याकाळच्या उन्हात उभी असलेली घरे समोर ठेवून झपाट्याने रंगविणे हा तेथील मुख्य अभ्यास होता. ऊन सरकण्याच्या आत चित्र पुरे व्हावयास हवे, म्हणून तपशिलात रमण्याची मुभा नव्हती. कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी ठेवला म्हणजे उजेडाचा भास होतो, हे हाताला कळावे लागे. युरोपातील दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी एकोणिसाव्या शतकात जे साधले, त्याच्याशी या शिकवणीचे नाते होते. परंतु विद्यार्थ्यांना ते ग्रंथातून कळण्याआधी कुंचल्यातून कळले. विष्णू चिंचाळकर, दे. ज. जोशी, सोलेगावकर आणि मकबूल फिदा हुसेन ही सारी मंडळी याच परंपरेतील होत.

माळव्याच्या मातीला रंगाची जाण नवी नव्हती. उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठी भैरवगढचे छिपे पिढ्यान्‌पिढ्या कापडावर ठसे उमटवीत आले आहेत. ठशाशेजारी ठसा नेमका बसला म्हणजे दुरून वेल दिसते, जवळून केवळ रंगाचे ठिपके दिसतात. रंग हा येथे शोभेचा विषय होण्यापूर्वी रोजच्या कष्टाचा विषय होता. इंदूरच्या चित्रशाळेने याच प्रदेशाचा उजेड, त्यातील काळी माती आणि तांबूस धूळ कागदावर आणण्याचा प्रयत्न केला.

चित्रकलेबरोबरच बेंद्रे यांनी महाविद्यालयीन शिक्षणही सोडले नाही. १९३३ मध्ये त्यांनी आग्रा विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली आणि १९३४ मध्ये मुंबई सरकारची चित्रकलेची पदविका संपादन केली. चित्रकाराला विद्यापीठीय शिक्षण हवे कशाला, असे मानणाऱ्यांची संख्या त्या काळी मोठी होती. पुढे एका विद्यापीठात चित्रकलेचा विभाग उभारण्याची जबाबदारी ज्याच्यावर यावयाची होती, त्याने तरुणपणीच दोन्ही वाटा चालून पाहिल्या ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांना त्या काळी अखिल भारतीय महत्त्व होते. १९३० नंतरच्या काही वर्षांत या प्रदर्शनांत इंदूरच्या विद्यार्थ्यांची चित्रे लक्ष वेधून घेऊ लागली. आपल्या धाकट्या भावाला भटक्याच्या वेषात बसवून बेंद्रे यांनी केलेल्या व्यक्तिचित्राला याच सोसायटीचे पारितोषिक लाभले. नीटनेटक्या दरबारी व्यक्तिचित्रांच्या त्या काळात हे चित्र मोकळ्या फटकाऱ्यांमुळे आणि त्यातील बेफिकीर वृत्तीमुळे वेगळे उठून दिसले. १९४१ मध्ये सोसायटीच्या सुवर्णपदकाचाही मान त्यांना मिळाला.

इंदूरमधील एक प्रसंग हुसेन यांनी पुढे अनेकदा कृतज्ञतेने सांगितला आहे. संध्याकाळी निसर्गचित्रे काढावयास जाताना वयाने लहान असलेल्या हुसेनना बेंद्रे यांची संगत लाभे. त्या मुलाच्या हातातील गुण बेंद्रे यांनी ओळखले आणि घरी जाऊन त्याच्या वडिलांना, मुलाला चित्रकार होऊ द्यावे, असे समजावून सांगितले. गिरणीच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या त्या गृहस्थांनी ते मानले. देशातील सर्वांत नामवंत चित्रकार ठरलेल्या एका माणसाच्या आयुष्याचे वळण असे एका विशीतील तरुणाच्या शब्दाने निश्चित झाले. बेंद्रे यांच्या अंगचा शिक्षक हाती कोणतेही पद येण्याच्या कितीतरी आधी जागा झाला होता.

शिक्षण संपल्यानंतरचे दशक भ्रमंतीचे होते. तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात काश्मीर संस्थानच्या प्रवासी खात्यात त्यांनी चित्रकार आणि लेखक या दुहेरी नात्याने काम केले. दल सरोवर, शिकारे, चिनारांची राई, बर्फावरचा निळसर प्रकाश यांनी त्यांच्या रंगांची श्रेणी पालटली. माळव्याचे ऊन प्रखर आणि सावल्या गडद. काश्मीरचा प्रकाश मृदू आणि पसरलेला. तेथून पुढे देशातील निरनिराळ्या प्रांतांत ते हिंडत राहिले. अपारदर्शक जलरंगांतील त्यांची निसर्गचित्रे याच काळात रसिकांच्या आवडीची झाली आणि कुशल निसर्गचित्रकार अशी त्यांची ख्याती पसरली. ही ख्याती जन्मभर पुरली असती. अनेक समकालीन चित्रकारांनी अशाच एका यशस्वी रीतीवर आयुष्य काढले. बेंद्रे यांना मात्र सफाई हाच धोका वाटू लागला असावा. कारण पुढील प्रत्येक टप्प्यावर त्यांनी हाती आलेली रीत सोडून नवी धरलेली दिसते.

१९४५ मध्ये ते शांतिनिकेतनला निवासी कलावंत म्हणून राहिले. नंदलाल बसू, विनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज यांच्या सहवासाची संधी तेथे मिळाली. प्रकाश आणि छटा यांवर पोसलेल्या बेंद्रे यांना तेथे रेषेचे महत्त्व नव्याने जाणवले. चीन आणि जपान येथील चित्रपरंपरा, अजिंठ्याची रेषा, ग्रामीण कलांचा साधेपणा यांचा विचार शांतिनिकेतनात रोजच्या अध्यापनाचा भाग होता. कलाशिक्षण म्हणजे चार भिंतींतील तासिका नव्हे, ती एक जगण्याची रीत आहे, हा धडाही तेथेच मिळाला.

स्वातंत्र्य मिळाले त्या १९४७ साली बेंद्रे अमेरिकेस गेले. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीग या संस्थेत त्यांनी मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये तेथील विंडरमिअर गॅलरीत आपल्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. परतताना युरोपातील संग्रहालये पाहिली. सेझानपासून पिकासोपर्यंतच्या ज्या चित्रकारांची ओळख पुस्तकांतील लहान छापील प्रतिमांवरून झाली होती, त्यांची मूळ चित्रे आता समोर होती. वस्तूचे घन आकार मोकळे करून ते पुन्हा नव्या रचनेत बांधण्याची घनवादी रीत त्यांनी अभ्यासिली. त्याच सुमारास मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना केली होती. नव्या चित्रकलेचा जाहीरनामा घेऊन हे तरुण पुढे आले. बेंद्रे त्या गटात नव्हते. जाहीरनामा काढण्याचा त्यांचा पिंड नव्हता. आधुनिकतेकडे त्यांनी अभ्यासाच्या वाटेने जाणे पसंत केले आणि ती वाट त्यांना बडोद्यास घेऊन आली.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि हंसाबेन मेहता तेथील कुलगुरू झाल्या. १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. मार्कंड भट्ट हे तिचे पहिले अधिष्ठाता. शिल्पविभाग शंखो चौधरी यांच्याकडे आणि चित्रविभाग बेंद्रे यांच्याकडे आला. पुढच्याच वर्षी के. जी. सुब्रमण्यन त्यांच्या विभागात दाखल झाले. तोवर देशातील कलाशाळा बहुधा सरकारी पदविकेसाठी विद्यार्थी तयार करीत. विद्यापीठाच्या पदवीच्या दर्जाने चित्रकला शिकविणे आणि हातातील कामाबरोबर कलेचा इतिहास आणि सौंदर्यविचार यांनाही स्थान देणे हा बडोद्याचा प्रयोग देशात नवा होता. त्याला पूर्वीचे कित्ते नव्हते. अभ्यासक्रम कसा असावा, परीक्षा कशाची घ्यावी, विद्यार्थ्याला स्वातंत्र्य किती द्यावे, हे सारे शिकविता शिकविता ठरवावे लागत होते.

बेंद्रे यांची अध्यापनाची पद्धत त्यांच्या विद्यार्थ्यांच्या स्मरणात पक्की राहिली. ते केवळ दोष दाखवून पुढच्या फलकाकडे वळणारे शिक्षक नव्हते. वर्गात उभे राहून स्वत: चित्र काढून दाखवीत. रंगाचा पहिला थर कसा द्यावा, चुकलेला आकार कसा सावरावा, कोठे हात थांबवावा, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहत. ज्याचे तंत्र इतके सफाईदार आहे असा गुरू वर्गात रोज चित्र काढून दाखवू लागला तर शिष्य त्याची नक्कल करू लागतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. गुरूचा दरारा जितका मोठा, तितकी त्याच्या छायेत उगवणारी रोपे खुरटी, हेही आपल्याकडील घराण्यांच्या इतिहासात अनेकदा घडले आहे.

बडोद्यात हे घडले नाही, आणि बेंद्रे यांच्या कार्याचे खरे मोल येथेच आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे एका ओळीत ठेवून पाहिली म्हणजे हे लक्षात येते. शांती दवे यांनी रंगाच्या जाड थरांतून आणि मेणाच्या माध्यमातून भव्य अमूर्त चित्रे घडविली. काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष तांत्रिक प्रतीकांकडे वळले. ज्योती भट्ट यांनी मुद्राचित्रणात नाव कमावले आणि खेड्यांतील भिंतींवरच्या, अंगणांतल्या कलेची छायाचित्रे घेण्यासाठी वर्षानुवर्षे पायपीट केली. हकू शाह यांनी लोककला आणि आदिवासी कला यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. रतन परिमू कलेतिहासाचे अभ्यासक आणि अध्यापक झाले. गुलाम मोहम्मद शेख यांनी चित्रात पुन्हा कथा आणली आणि कवी म्हणूनही ते ओळखले गेले. यांपैकी एकाचेही चित्र दुसऱ्याच्या चित्रासारखे दिसत नाही, आणि कोणाचेही बेंद्रे यांच्या चित्रासारखे दिसत नाही. १९५६ मध्ये बडोद्याच्या कलावंतांनी आपला गट स्थापन करून प्रदर्शने भरविली. त्या गटात गुरू आणि शिष्य यांची चित्रे एकाच भिंतीवर शेजारी शेजारी टांगली जात.

हे कसे साधले, याचे उत्तर बेंद्रे यांच्या स्वत:च्या चित्रांत सापडते. ज्या गुरूची शैली दर काही वर्षांनी पालटत होती, त्याची नक्कल करणार तरी कशी? विद्यार्थ्यांसमोर तयार उत्तर नव्हते. समोर एक शोध घेणारा माणूस होता. या काळातील त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे ‘काटा’. पायात रुतलेला काटा काढण्याचा साधा ग्रामीण प्रसंग त्यांनी घनवादाच्या शिस्तीत बांधला. आकार सपाट आणि कोनदार आहेत. परंतु रंगांची ऊब भारतीय आहे आणि लघुचित्रांची आठवण करून देणारी आहे. या चित्राला १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परक्या भूमीत उगवलेली एक रीत आपल्याकडील विषयाला कशी लावता येईल, याचा वस्तुपाठच त्या चित्राने घालून दिला. साठच्या दशकात त्यांनी ओळखीचे आकारही सोडून दिले आणि रंग ओतून, वाहू देऊन, अमूर्त रचना केल्या.

१९५९ मध्ये ते विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. प्रशासनाचा भार वाढला, कीर्तीही वाढली. १९६१ पासून तेथे भरू लागलेला ललित कला मेळावा बडोदेकरांच्या आवडीचा झाला. संस्था स्थिरावली होती. अशा वेळी, १९६६ मध्ये, बेंद्रे यांनी पदाचा राजीनामा दिला आणि मुंबईस वास्तव्य केले. वयाच्या छपन्नाव्या वर्षी, मानाची जागा सोडून, केवळ कुंचल्यावर विसंबून राहण्याचा हा निर्णय होता. सोळा वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या हातांना वळण लावण्यात घालविली होती. ती वर्षे चित्रकाराच्या ऐन उमेदीची, चाळिशी-पन्नाशीची वर्षे होती. त्याच वर्षांत त्यांचे मुंबईचे समकालीन पॅरिस, लंडन, दिल्ली येथे नावारूपास आले. बेंद्रे यांच्या हिशेबात या वर्षांची किंमत किती लागली हे मोजणे अवघड आहे. परंतु ती लागली हे निश्चित.

मुंबईच्या पाव शतकात त्यांच्या चित्रांत माणूस, गाय-वासरू, शेत, डोक्यावर ओझे घेतलेल्या स्त्रिया, झाडाखालचा विसावा हे विषय परतले. या वेळची रीत बिंदूंची होती. शुद्ध रंगांचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी ठेवले म्हणजे ते फलकावर न मिसळता पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळतात आणि चित्राला एक कंपित उजळपणा येतो. फ्रान्समधील सरा या चित्रकाराने ही रीत शास्त्राच्या काटेकोरपणाने वापरली होती. बेंद्रे यांनी तिच्यातील शास्त्राचा आग्रह बाजूला ठेवला आणि उजेड तेवढा घेतला. सकाळच्या कोवळ्या उन्हात न्हालेले गोठे, हिरव्या-जांभळ्या छायांत बुडालेल्या आकृती यांनी ही चित्रे भरलेली आहेत. इंदूरच्या माळावर सरकणारे ऊन पकडण्यासाठी धावणारा हात आता स्वस्थपणे, ठिपक्यामागून ठिपका ठेवीत, त्याच उन्हाकडे परत आला होता.

या चित्रांना रसिकांनी भरभरून दाद दिली. समीक्षकांनी मात्र काही आक्षेप घेतले. उत्तरकालीन चित्रे गोड आहेत, त्यांत जीवनातील विरोध आणि वेदना कमी आहे, हा एक आक्षेप. बेंद्रे यांनी अनेक शैली हाताळल्या, परंतु ज्यावर त्यांचीच मुद्रा उमटावी अशी एक शैली निर्माण केली नाही, हा दुसरा. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. प्रसन्नता हा त्यांचा स्थायीभाव होता आणि दीर्घकाळ एकाच रीतीने चित्रे केल्यावर तीत पुनरावृत्ती येणे अपरिहार्य होते. दुसरा आक्षेप तपासून घ्यावयास हवा. चित्रकाराची ओळख एका ठरावीक चिन्हाने व्हावी, ही अपेक्षा बाजाराला सोयीची आहे. दूरवरून चित्र पाहताच नाव सांगता आले म्हणजे खरेदीदार निश्चिंत होतो. बेंद्रे यांच्या निसर्गचित्रापासून बिंदुचित्रापर्यंतचा प्रवास पाहिला तर रीत पालटत गेली तरी रंगांचे परस्परांशी असलेले नाते, प्रकाशाविषयीची ओढ आणि साध्या माणसांविषयीची आस्था या तीन गोष्टी कोठेही सुटत नाहीत. त्यांची मुद्रा तेथे शोधली पाहिजे.

मानसन्मान त्यांना पुष्कळ लाभले. १९६९ मध्ये पद्मश्री, १९७४ मध्ये ललित कला अकादमीचे सन्मान्य सदस्यत्व, १९८४ मध्ये विश्वभारतीचा अवन-गगन पुरस्कार, आणि त्याच दशकात मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान. ज्या माळव्याने त्यांना घडविले, त्या प्रदेशाने महाकवीच्या नावाने केलेला हा गौरव विशेष औचित्याचा होता. १९९२ च्या प्रजासत्ताकदिनी पद्मभूषण जाहीर झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारी १९९२ मध्ये, मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

आज बेंद्रे यांची चित्रे देशातील प्रमुख संग्रहालयांत आहेत. तथापि त्यांच्या कार्याचा मोठा भाग कोणत्याही भिंतीवर टांगता येण्यासारखा नाही. तो बडोद्याच्या विद्याशाखेत, तिच्यातून निघालेल्या चित्रकारांच्या पिढ्यांत आणि त्यांनी पुढे घडविलेल्या विद्यार्थ्यांत विखुरलेला आहे. देवळालीकरांनी इंदूरच्या मुलांना आपल्यासारखे रंगवावयास न शिकविता पाहावयास शिकविले. बेंद्रे यांनी ते ऋण बडोद्यात फेडले. गुरूचे यश शिष्याच्या साम्यात मोजण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला त्यांनी वेगळे माप दाखविले, ते असे की शिष्य जितके परस्परांहून निराळे, तितका गुरू मोठा. या मापाने पाहता माळव्याच्या या चित्रकाराला तोड सापडणे कठीण आहे.